जग्वार, लुना आणि नावाची पुण्याई

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहण्यासाठी शाळांच्या सहली नेहमीच येतात. पॅटन रणगाड्याभोवती मुलांची गर्दी होते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच संग्रहालयात एक जुनी चिलखती मोटार उभी आहे. तिच्यापाशी मोठ्यांनी क्षणभर थांबावे. ती रोल्स रॉइसची आहे. ज्या ‘सिल्व्हर घोस्ट’ गाडीसाठी आपल्याकडील संस्थानिक विलायतेला मागणी नोंदवत असत, तिच्याच सांगाड्यावर पोलादी कवच चढवून ब्रिटिशांनी ती युद्धात उतरवली. राजेरजवाड्यांची चैनीची गाडी वाळवंटात आणि सरहद्दीवर टिकली ती तिच्या इंजिनाच्या आणि सांध्यांच्या बळावर. नाव मागाहून मोठे झाले.

आज त्या नावाच्या मोटारी बीएमडब्ल्यू ही जर्मन कंपनी बनवते. तेवढ्याच तोलाचे ‘जग्वार’ हे दुसरे इंग्रजी नाव २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीचे आहे. ते नाव सध्या फार मोठ्या संकटातून जात आहे. पेट्रोल-डिझेलच्या सगळ्या गाड्या बंद करून केवळ विजेवर चालणाऱ्या, अतिशय महागड्या मोटारींची कंपनी म्हणून नव्याने उभे राहण्याचा घाट तिने घातला आहे. कोट्यवधी रुपयांच्या गाड्यांची ही कथा मध्यमवर्गीय वाचकाने कशासाठी वाचावी, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, जुने नाव नव्या युगात न्यायचे कसे, हा प्रश्न केवळ जग्वारचा नाही. तो नगरच्या लुनाचाही आहे, येथील औद्योगिक वसाहतीत लेथ चालवणाऱ्या उद्योजकाचाही आहे आणि ज्या घराला काही जुनी परंपरा आहे त्या प्रत्येक घराचा आहे.

सुबक गाडी, आवाक्यातील किंमत

जग्वारचा जन्म काही राजवाड्यात झालेला नाही. १९२२ मध्ये इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे विल्यम लायन्स आणि विल्यम वॉल्म्स्ले या दोघा तरुणांनी मोटारसायकलला जोडायच्या साइडकार बनवण्याचा छोटासा कारखाना काढला. पुढे ऑस्टिन सेव्हनसारख्या स्वस्त मोटारीच्या सांगाड्यावर सुबक घाटाची काया चढवून त्यांनी विकायला सुरुवात केली. १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला आला. त्या काळी कंपनी ‘एसएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाई. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या क्रूर दलामुळे ती दोन अक्षरे साऱ्या जगाला नकोशी झाली, तेव्हा लायन्स यांनी १९४५ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘जग्वार’ केले. म्हणजे बदल, आणि तोही नावाचा बदल, जग्वारला नवा नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

नाव बदलले तरी रीत बदलली नाही. १९४८ ची एक्सके १२० ही त्या काळी बाजारात मिळणाऱ्या सर्वांत वेगवान मोटारींपैकी एक होती. १९५० च्या दशकात फ्रान्समधील ले माँ येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या गाड्यांनी पाच वेळा जिंकली. १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली ई-टाइप आजही जगातील सर्वांत सुंदर मोटारींमध्ये गणली जाते. या सर्व गाड्यांचे एक समान वैशिष्ट्य होते. देखणेपणात आणि वेगात त्या इटलीच्या किंवा इंग्लंडमधल्या अतिमहाग गाड्यांच्या तोडीस तोड होत्या, पण किमतीला त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी. श्रीमंतांतल्या श्रीमंतासाठी इतर गाड्या होत्या. जग्वार होती ती आपल्या व्यवसायात नाव कमावलेल्या डॉक्टरासाठी आणि वकिलासाठी. लायन्स यांचे सूत्र हेच होते आणि जग्वारची सारी पुण्याई याच सूत्रातून साठलेली आहे.

ही पुण्याई खर्च व्हायला सुरुवात झाली ती कारखान्याची सूत्रे दूरच्या कचेऱ्यांत गेल्यावर. १९६८ मध्ये जग्वार ब्रिटिश लेलँड या अवाढव्य कंपनीत विलीन झाली आणि १९७५ मध्ये ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली. संप, ढिलाई आणि गुणवत्तेविषयीची बेफिकिरी यांनी त्या काळात ब्रिटिश मोटार उद्योगाचे कंबरडे मोडले. १९८४ मध्ये जग्वार पुन्हा खाजगी झाली. १९८९ मध्ये ती अमेरिकेच्या फोर्डने विकत घेतली. फोर्डने पैसा ओतला, यंत्रसामग्री सुधारली. पण २००१ मध्ये आपल्याच माँडेओ या साध्या मोटारीच्या पायावर एक्स-टाइप नावाची जग्वार उभी केली. गिऱ्हाईक तेवढे भोळे नव्हते. जग्वारचे चिन्ह लावल्याने माँडेओची जग्वार होत नाही, हे त्याने गाडी न घेऊन सांगितले.

मुंबईच्या हाती आलेला वारसा

२ जून २००८ रोजी जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या २.३ अब्ज डॉलरना टाटा मोटर्सच्या ताब्यात आल्या. त्यामागची एक हकीकत अनेकांनी वाचलेली असेल. इंडिका बाजारात आल्यानंतरच्या अडचणीच्या दिवसांत, १९९९ मध्ये, टाटांनी आपला मोटारींचा व्यवसाय विकण्यासाठी फोर्डशी बोलणी केली होती. तिथे ‘तुमचा व्यवसाय घेऊन आम्ही तुमच्यावर उपकारच करतो आहोत’ अशा आशयाचे बोल रतन टाटांना ऐकून घ्यावे लागले, असे त्या वेळी सोबत असलेले प्रवीण काडले यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले. नऊ वर्षांनी त्याच फोर्डकडून टाटांनी जग्वार-लँड रोव्हर घेतली. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या मानबिंदूची मालकी भारतीय उद्योगाकडे आली, याचा अभिमान त्या वेळी घरोघरी व्यक्त झाला. तो अभिमान गैर नव्हता.

परंतु त्या अभिमानाची किंमतही मोजावी लागली. खरेदीनंतर लगेच जागतिक मंदी आली आणि २००८-०९ या वर्षी टाटा मोटर्सला सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा एकत्रित तोटा झाला. टाटांनी धीर सोडला नाही. पुढील काही वर्षांत हीच इंग्रजी शाखा समूहाची कमावती शाखा ठरली. त्यानंतर युरोपात डिझेल गाड्यांवरचा विश्वास उडाला, चीनमधील मागणी घटली आणि २०१८-१९ च्या तिसऱ्या तिमाहीत टाटा मोटर्सला सुमारे २७ हजार कोटींचा तोटा दाखवावा लागला. भारतीय कंपनीने तोवर एका तिमाहीत दाखवलेला तो सर्वांत मोठा तोटा होता. पगारातून चार पैसे बाजूला टाकून टाटांचे समभाग घेतलेल्या अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांना त्या दिवशी जग्वार ही परकी गोष्ट वाटली नसेल.

या सर्व वर्षांत कंपनीला तारले ते रेंज रोव्हर आणि डिफेंडर या लँड रोव्हरच्या गाड्यांनी. जग्वार मात्र मागे पडत गेली. २०१८ मध्ये जगभरात सुमारे १ लाख ८० हजार जग्वार विकल्या गेल्या होत्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ६७ हजारांच्या आसपास आला. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडी या जर्मन त्रयीशी त्यांच्याच मैदानावर झुंजण्याइतके बळ जग्वारजवळ उरले नव्हते. तेव्हा काहीतरी मुळापासून बदलणे अटळ होते, हे मान्य केलेच पाहिजे. टीका करणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

गाडी नसलेली जाहिरात

फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की, २०२५ पासून जग्वार केवळ विजेवर चालेल. विशेष म्हणजे त्याआधीच, २०१८ मध्ये, जग्वारने आय-पेस ही विद्युत मोटार बाजारात आणलेली होती आणि २०१९ चा ‘जगातील सर्वोत्तम मोटार’ हा पुरस्कारही तिने मिळवला होता. जर्मन कंपन्या अद्याप तयारीत असताना जग्वार रस्त्यावर होती. त्या आघाडीवर पुढची गाडी, मग त्याहून सुधारलेली गाडी, असे पाऊल टाकता आले असते. तसे घडले नाही. बरेचसे काम झालेली एक्सजे ही मोठी विद्युत मोटार रद्द करण्यात आली आणि सारे पुन्हा कोऱ्या पाटीवरून लिहायचे ठरले.

रतन टाटांचे ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत जग्वारची नवी ओळख जगासमोर आली. उडी घेणारा जग्वार मागे सरला, अक्षरांचे वळण बदलले आणि भडक रंगांचे कपडे घातलेल्या स्त्री-पुरुषांची एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्व काही होते; मोटार नव्हती. ‘तुम्ही गाड्या विकता ना?’ असा खोचक प्रश्न टेस्लाच्या इलॉन मस्क यांनी जाहीरपणे विचारला. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील मायामी येथे ‘टाइप ००’ ही संकल्पना-मोटार गुलाबी आणि निळ्या रंगांत दाखवण्यात आली. विक्रीस येणाऱ्या गाडीची किंमत एक लाख पौंडांच्या वर राहील, असे सांगण्यात आले. जुन्या गिऱ्हाइकांपैकी बहुसंख्य या गाडीकडे येणार नाहीत, हे व्यवस्थापनाने स्वतःच गृहीत धरले होते.

पाश्चात्त्य देशांत या चित्रफितीवरून वैचारिक रणधुमाळी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही तीत उडी घेतली. आपल्याकडेही काहींनी त्याच चष्म्यातून या प्रकाराकडे पाहिले. आमच्या मते हा वाद मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणारा आहे. चित्रफितीतील माणसांनी कोणते कपडे घातले याने मोटार कंपनी बुडत नाही आणि तरतही नाही. खरी चूक यापेक्षा साधी आणि अधिक गंभीर होती. जुनी दुकानदारी गुंडाळल्यावर नवा माल यायला दीड-दोन वर्षे लागणार होती. ब्रिटनमध्ये नव्या जग्वारची विक्री २०२४ च्या अखेरीस थांबली. एप्रिल २०२५ या महिन्यात साऱ्या युरोपात नोंदल्या गेलेल्या नव्या जग्वार पन्नासच्याही आत होत्या. विकायला गाड्याच नव्हत्या, तेव्हा हा आकडा अपयशाचा नाही, असे कंपनीचे म्हणणे आणि ते हिशोबाने खरेही आहे. पण दुकान बंद ठेवून पाटी रंगवत बसलेल्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक कोणत्या नजरेने पाहते, हे आपल्या कापड बाजारातला कोणताही जुना दुकानदार सांगू शकेल.

आणखी एक गोष्ट. नव्या घोषवाक्याचा अर्थ ‘कशाचीही नक्कल नको’ असा आहे आणि त्यासाठी संस्थापक लायन्स यांचाच हवाला देण्यात आला. परंतु लायन्स यांच्या जग्वारचे स्थान ‘सुंदर आणि तरीही आवाक्यातील’ असे होते. नवी जग्वार मोजक्या अतिश्रीमंतांकडे निघाली आहे. त्या बाजारात ती पूर्वी फारशी उभीच नव्हती. तिथेही आज विजेच्या गाड्यांना अपेक्षेइतके गिऱ्हाईक नाही. पोर्शच्या टायकान या विद्युत मोटारीची विक्री २०२४ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आली आणि २०२५ मध्ये पोर्शने आपल्या विद्युत गाड्यांचे वेळापत्रकच मागे ढकलले. ज्या घाटात पोर्शची दमछाक झाली, तिथे जग्वार जुने गिऱ्हाईक खाली उतरवून निघाली आहे.

नगरची लुना

आता जग्वारकडून आपल्या नगरकडे येऊ. नगर-दौंड रस्त्यावरच्या किनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्याला तीन पिढ्यांच्या नगरकरांनी पाहिले आहे. स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे सभापती राहिलेले कुंदनमल फिरोदिया नगरचे. त्यांचे पुत्र हस्तीमल फिरोदिया यांनी १९७२ मध्ये लुना बाजारात आणली. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखी पायडले आणि सायकलवाल्याला झेपेल असा बोजा. पोस्टमन, शाळामास्तर, दूधवाले, विमा एजंट, नर्सबाई यांना सायकलवरून उतरवून मोटारगाडीच्या युगात आणले ते लुनाने. गाडी बंद पडली तर पायडल मारत घरी नेता येत असे. मागे दुधाच्या किटल्या, पुढे भाजीची पिशवी आणि मधे एखादे पोर, असे दृश्य नेवासे-राहुरीच्या रस्त्यांवर नित्याचे होते. १९८४ मध्ये होंडाच्या सहकार्याने किनेटिक होंडा आली. तिला लाथ मारावी लागत नसे, गिअर बदलावे लागत नसत. असंख्य गृहिणी आणि निवृत्त माणसे तिच्यामुळे प्रथमच स्वतःचे वाहन चालवू लागली.

पुढे लुनाचेही ग्रह फिरले. मोटारसायकली स्वस्त झाल्या, मोपेडची मागणी घटली. होंडाशी भागीदारी १९९८ मध्ये संपली आणि २००८ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी टाटांनी जग्वार घेतली त्याच वर्षी, किनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्रांकडे गेला. नगरचा कारखाना इतर कंपन्यांसाठी सुटे भाग बनवू लागला. स्वतःच्या नावाची गाडी बाहेर पाडणाऱ्या कारखान्याने दुसऱ्याच्या नावासाठी दात्यांची चाके कापावीत, यातील सल ज्याने कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली त्यालाच कळेल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये किनेटिक ग्रीन या कंपनीने ‘ई-लुना’ आणली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. आरंभीची किंमत ६९,९९० रुपये, एका भारात सुमारे ११० किलोमीटर पल्ला, ताशी ५० किलोमीटर वेग आणि दीडशे किलो ओझे वाहण्याची क्षमता. उत्पादन आपल्याच जिल्ह्यात. जुलै २०२५ मध्ये किनेटिक इंजिनिअरिंगच्या उपकंपनीने जुन्या किनेटिक होंडाची आठवण देणारी ‘डीएक्स’ ही विद्युत स्कूटरही आणली.

ई-लुनाकडे निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. इंजिन गेले आहे, पेट्रोलची टाकी गेली आहे, पायडले गेली आहेत. पण पाय ठेवायच्या जागी ओझे ठेवण्याची सोय जशीच्या तशी आहे. मागची बैठक काढून तिथे किटल्या किंवा खोकी लावता येतात. म्हणजे लुना ज्या माणसासाठी जन्माला आली तोच माणूस नव्या लुनाच्या रचनाकारांच्या डोळ्यांसमोर होता. यंत्र बदलले, गिऱ्हाईक बदलले नाही. जग्वारने नेमके उलटे केले.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर कोणी म्हणेल की, ही तुलनाच अन्यायाची आहे. लुना ओझे वाहते, जग्वार स्वप्ने विकते. ७० हजारांच्या गाडीचे शहाणपण कोटींच्या गाडीला लावू नये. शिवाय लुनाचे यश तरी कुठे सिद्ध झाले आहे? टीव्हीएसची पेट्रोलवर चालणारी एक्सएल आजही खेड्यापाड्यांत पाय रोवून उभी आहे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. ई-लुना बाजारात टिकेल की नाही, हे तिची बॅटरी पाचव्या उन्हाळ्यात किती चालते आणि पारनेर-कर्जतच्या वाडीवस्तीवर तिचा दुरुस्ती कारागीर मिळतो की नाही, यावर ठरेल. जुन्या आठवणींच्या जोरावर पहिली गाडी खपते. दुसरी खपते ती पहिलीच्या अनुभवावर.

परंतु मुद्दा स्वस्त-महाग असा नाही. टाटांच्याच घरातले दुसरे उदाहरण पाहा. १९९१ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा सिएरा २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती नव्या रूपात परत आली. तिच्या मागच्या काचेचे ओळखीचे वळण राखले गेले. प्रथम पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या आल्या आणि विजेची सिएरा त्यांच्यामागून आणण्याचे ठरले. रेंज रोव्हरच्या बाबतीतही कंपनीने इंजिनाच्या गाड्या विकत राहून विजेची गाडी सावकाश सिद्ध करण्याचा मार्ग धरला. एकाच घरात तीन मुलांना नवे शिक्षण द्यायचे ठरले. दोघांना हातचे काम करता करता शिकवले आणि तिसऱ्याला आधी घरातून बाहेर काढले, असा हा प्रकार आहे. जग्वारची मुळे इतकी सुकली होती की दुसरा उपाय उरला नव्हता, असे तिचे समर्थक म्हणतात. शक्य आहे. परंतु सुकलेल्या झाडाला खतपाणी घालणे निराळे आणि ते उपटून त्या जागी दुसरेच रोप लावून जुनीच पाटी ठोकणे निराळे. नवे रोप कदाचित उत्तम फळे देईल. मात्र ती फळे जुन्या झाडाच्या पुण्याईची म्हणता येणार नाहीत.

लेथवर काय होणार?

या साऱ्यात आपल्यासाठी खरोखर काय पणाला लागले आहे? नागापूरच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एक फेरी मारली तर ते दिसते. इथल्या कितीतरी छोट्या कारखान्यांचे पोट मोटारींच्या सुट्या भागांवर अवलंबून आहे. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, सायलेन्सर नाही, गिअरची उतरंड नाही. हलणाऱ्या भागांची संख्या कितीतरी पटींनी कमी होते. दोन लेथ आणि एक मिलिंग यंत्र कर्ज काढून घेतलेल्या तरुण उद्योजकासाठी हे युगांतर म्हणजे चर्चासत्राचा विषय नसून पुढच्या वर्षीच्या मागणीपत्राचा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचे कारखाने पाच आठवड्यांच्या आसपास ठप्प झाले, तेव्हा सर्वांत आधी श्वास कोंडला तो त्यांना भाग पुरवणाऱ्या लहान इंग्रज कारखानदारांचा. मोठ्या नावाला ठेच लागते तेव्हा रक्त लहानांच्या पायातून येते.

म्हणून २००८ च्या खरेदीचा खरा लाभ कोणता, हे पुन्हा तपासून पाहिले पाहिजे. आमच्या मते तो लाभ जग्वारच्या चिन्हात नाही. २०१९ मध्ये आलेली टाटा हॅरिअर लँड रोव्हरच्या सांगाड्याच्या आधारे पुण्यात विकसित झाली आणि तिच्यावरूनच २०२५ मध्ये विजेची हॅरिअर सिद्ध झाली. इंग्लंडमधील विद्या पिंपरी-चिंचवडच्या अभियंत्यांच्या हाती आली, हा तो लाभ. नाव पैसे मोजून विकत मिळते. विद्या मात्र माणसांनी माणसांजवळ बसून, चुका करत, हात काळे करत घ्यावी लागते.

आणि या विद्येचा एक मोठा तुकडा अजून आपल्या हाती नाही. विजेच्या गाडीचा प्राण म्हणजे बॅटरीतील विद्युतघट आणि मोटारीतील चुंबक. या दोन्ही बाबतींत आपण आजही मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतातील वाहन कंपन्यांची कशी धावपळ झाली हे सर्वांनी पाहिले. टाटांची ‘अग्रतास’ ही कंपनी गुजरातमधील साणंद आणि इंग्लंडमधील सॉमरसेट येथे घटांचे कारखाने उभारते आहे, ही आशेची बाब आहे. पण हे काम एकट्या टाटांचे नव्हे. नगरमध्ये वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. लष्कराच्याच नव्हे तर नागरी वाहनांच्याही चाचण्या तिथे होतात. शेजारी तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मोटार गुंडाळणे, नियंत्रक जोडणे, जुन्या बॅटऱ्या उलगडून त्यांतील धातू परत मिळवणे ही कौशल्ये येथील मुलांनी आत्मसात केली, तर लेथवरचा हात रिकामा राहणार नाही. स्थानिक उद्योजक संघटनांनी आणि शिक्षणसंस्थाचालकांनी यासाठी एकत्र बसण्याची वेळ आली आहे.

जग्वारचा डाव यशस्वी व्हावा, अशीच आपली इच्छा असणार. तो भारतीय मालकीचा उद्योग आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून जग्वार लँड रोव्हरची धुरा पी. बी. बालाजी या भारतीय व्यक्तीच्या खांद्यावर आहे. नवी मोटार खरोखर उत्तम निघाली, तर लोक जाहिरात विसरतील आणि गाडी लक्षात ठेवतील. मोटारीच्या इतिहासात असे पूर्वीही घडले आहे. मात्र यश आले तर ते त्या गाडीचे असेल. शंभर वर्षांची पुण्याई पणाला लावण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला असतो. त्याबरोबर ती पुन्हा मिळवण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते.

रणगाडा संग्रहालयातल्या त्या जुन्या चिलखती मोटारीला आज कोणी विकत घेणार नाही. तिच्या नावाची मालकीही किती वेळा फिरली! तरी तिच्यासमोर उभा राहिलेला माणूस आदराने पाहतो. तिने त्या वेळी नेमून दिलेले काम चोख केले, एवढीच तिची ओळख आणि तेवढी पुरेशी आहे. नगरच्या रस्त्यावर पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन आवाज न करता निघालेली ई-लुना ज्या दिवशी दहा वर्षे विनातक्रार चाललेली असेल, त्या दिवशी तिचेही नाव खऱ्या अर्थाने पुन्हा मोठे झालेले असेल.